राहिलेली ओव्हर

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही आहे. बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात साड्यांच्या ज्या पेढीवर मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले, तिथल्या कोऱ्या वह्यांतली एक मालकांकडून मागून घेतलेली. तिच्यात पेढीचा हिशेब नाही. आमच्या क्रिकेट क्लबाचा आहे, 1979 पासून 1991 पर्यंतचा. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, तळाशी दोन रेघांच्या मध्ये शिल्लक. परवा घर रंगवायला काढलं तेव्हा वही पुन्हा हाताला लागली आणि मी 1986 चं पान उघडलं. दर वेळी तेच उघडतो. आज त्या पानाबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बेसबॉल संघाबद्दल लिहायला हवं, कारण ते पान मला नीट वाचता आलं ते त्या संघामुळं.

2019 च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. मुलीकडं गेलो होतो, अमेरिकेत सिनसिनाटीला. बॅगेत कुंद्याचे चार डबे आणि सांडगी मिरच्या. गाव ओहायो नदीच्या काठावर आहे आणि बेसबॉलचं मोठं मैदान अगदी नदीला लागून. त्या वर्षी गावभर एकच विषय होता, दीडशे वर्षं. दुकानांच्या काचांवर, टोप्यांवर, बसवर, जिथं तिथं 150 चा आकडा. मैदानावर खेळाडू मधूनच जुन्या काळचे कपडे घालून उतरायचे. जावई आम्हाला सामना दाखवायला घेऊन गेले. मला त्यातलं फारसं कळेना, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, जगातला पहिला उघड पगारी बेसबॉल संघ ह्या गावानं उभा केला. 1869 साली. त्याची ही दीडशे वर्षं."

मी विचारलं, "पगार किती होता?"

त्यांना सांगता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून ते मला तीन पुस्तकं घेऊन आले. माझं इंग्रजी पेढीवरच्या पत्रव्यवहारापुरतं. तरी डिक्शनरी शेजारी ठेवून पुढचे दोन महिने मी ती पुस्तकं वाचली. दुपारी मुलगी-जावई कामावर, सौ. झोपलेली, बाहेर लख्ख ऊन आणि रस्त्यावर माणूस नाही. अशा दुपारी मी 1869 सालात काढल्या.

पगार सापडला. संघाचं नाव सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, म्हणजे लाल मोज्यांवाले. 15 मार्च ते 15 नोव्हेंबर अशा आठ महिन्यांचा करार. बेस म्हणजे धाव पुरी करायला पळत एकेक करून गाठायचे टप्पे. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहणारा जॉर्ज राइट, त्याला सगळ्यांत जास्त, 1,400 डॉलर. त्याचा थोरला भाऊ हॅरी राइट, कॅप्टन, त्याला 1,200. चेंडू टाकणारा एसा ब्रेनर्ड 1,100, थर्ड बेसवरचा फ्रेड वॉटरमन 1,000. गोल्ड, स्वीझी, अ‍ॅलिसन, लेनर्ड आणि मॅकव्हे ह्या पाच जणांना प्रत्येकी 800, आणि राखीव हर्लीला 600. मी कागदावर बेरीज करून बघितली. 9,300 बरोबर येते, पुस्तकात दिलेली तेवढीच.

कॅप्टनचा पगार धाकट्या भावापेक्षा कमी. ह्या एका आकड्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. करार जुळवण्यात हॅरीचाच हात मोठा, सराव घेणार तो, दौरे आखणार तो, सेंटर फील्डला उभा राहणार तो. आणि जो आपल्यापेक्षा चांगला खेळतो त्याला दोनशे जास्त. तेही सख्ख्या भावाला, सगळ्या गावासमोर. ह्याला मन मोठं लागतं.

त्याआधी खेळाडूंना पैसे मिळत नव्हते असं नाही. मिळायचे, पण लपवून. 1868 च्या शेवटी नियम बदलेपर्यंत बेसबॉल हा फक्त हौशी लोकांचा खेळ होता. मग चांगला खेळाडू आणायचा तर त्याला कुठं तरी कारकुनाची नोकरी दिल्याचं दाखवायचं. हाच जॉर्ज राइट 1867 साली वॉशिंग्टनच्या संघात होता. कागदोपत्री सरकारी कारकून. कचेरीचा जो पत्ता दिला होता तिथं सार्वजनिक बाग होती.

हे वाचताना माझं वय एकदम तीस वर्षांनी कमी झालं. बेळगावच्या स्पर्धा ज्यांनी त्या काळात बघितल्या आहेत त्यांना सांगायला नको. कोल्हापूरहून, हुबळीहून, गोव्याहून चांगले खेळाडू यायचे. नियमात लिहिलेलं असायचं, संघ स्थानिक हवा. मग तो पोरगा कुणाचा तरी भाचा व्हायचा, नाहीतर कुणाच्या तरी कारखान्यात कामाला लागलेला असायचा. मी स्वतः वहीत त्यांचे पैसे 'चहापाणी व प्रवास' ह्या खात्यावर लिहिले आहेत. पेढीचा हिशेब लिहिताना एका रुपयाचीही खोटी नोंद मी कधी केली नाही. क्लबाच्या वहीत मात्र सात नोंदी खोट्या आहेत. आजही ती पानं उलटताना माझी नजर आपोआप खाली जाते. म्हणून ह्या लाल मोज्यांवाल्यांनी केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट मला वाटते ती ही. अमुक माणसाला अमुक पगार, हे त्यांनी सरळ लिहिलं.

हॅरी राइट मूळचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा, आणि मूळचा क्रिकेटवाला. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाचे पगारी खेळाडू. हॅरी सिनसिनाटीला आला तोही युनियन क्रिकेट क्लबात, पगारी क्रिकेटर म्हणून. शिकलेला धंदा सोनारकामाचा. आमचं शहापूर म्हणजे सराफांचं आणि विणकरांचं गाव, त्यामुळं हा माणूस मला आपल्या आळीतलाच वाटायला लागला. जॉर्ज नक्षी कोरणारा, स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे, अ‍ॅलिसन संगमरवर कापणारा, मॅकव्हे पियानो बनवणारा. आणि फर्स्ट बेसवरचा चार्ली गोल्ड हिशेबनीस. दहा जणांत सिनसिनाटीचा पोरगा हा एकटाच, बाकी सगळे बाहेरून आणलेले. लेनर्डचा तर जन्म आयर्लंडचा. गोल्ड सहा फूट उंच होता आणि त्याच्याकडं फेकलेला चेंडू सहसा सुटायचा नाही, म्हणून लोक त्याला धान्य मोजायच्या पाटीचं नाव देऊन हाक मारायचे. आपल्याकडं त्याला बुट्टी म्हणाले असते. ह्या गोल्डवर माझा जीव का जडला हे वेगळं सांगायला नको.

हॅरीनं त्यांना शिकवलेली एक गोष्ट मी दोनदा वाचली. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघं-तिघं धावले तर कॅप्टन ज्याचं नाव घेईल त्यानंच तो घ्यायचा. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, पण मागं जाऊन उभं राहायचं, म्हणजे सुटला तर अडवायला कुणी तरी असेल. आज शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. तेव्हा कुणाला तरी ते पहिल्यांदा सुचावं लागलं. आमच्या संघात निम्मे मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. धाव घेताना एक जण 'ये ये' म्हणायचा, दुसरा 'ब्याड ब्याड', म्हणजे कन्नडात 'नको नको', आणि दोघं एका टोकाला. मग अण्णांनी, म्हणजे आमच्या कॅप्टननं, ठरवून टाकलं, भाषा कुठलीही असो, नाव घ्यायचं आणि हात वर करायचा. त्या महिन्यानंतर आमचा एकही जण धावबाद झाला नाही.

आता तो 1869 चा हंगाम. मे अखेर संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. पहिलाच सामना पावसानं धुतला गेला, सुरुवातीला गर्दीही बेताचीच. 15 जूनला न्यूयॉर्कमध्ये म्युच्युअल्स संघाशी सामना झाला आणि तो 4-2 असा जिंकला. त्या काळी एकेका सामन्यात तीस-चाळीस धावा निघायच्या, त्यामुळं 4-2 हा आकडा लोकांना खरा वाटेना. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सना 32-10 नं हरवलं. हा अटलांटिक्स संघ लक्षात ठेवा. वॉशिंग्टनला गेले तर राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांनी भेटीला बोलावलं. 1 जुलैला गावी परतले तेव्हा स्वागतात त्यांना 27 फूट लांबीची बॅट भेट दिली. मे महिन्यातच देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे पुरी झाली होती. सप्टेंबरात हे त्याच रेल्वेनं पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन आले. वर्षभरात जवळपास बारा हजार मैल प्रवास. जॉर्जच्या नावावर 49 होमरन, म्हणजे आपल्याच एका फटक्यावर सगळे बेस फिरून पुरी केलेली धाव.

57 सामने खेळले, 57 जिंकले.

हातमोजे नव्हते हे इथं सांगायला हवं. चेंडू टाकणारा 45 फुटांवरून, हात खालून टाकायचा, पण बॅटवरून येणारा चेंडू काही हळू येत नाही. जावयांनी मला एक बेसबॉल हातात दिला होता. आपल्या चेंडूपेक्षा थोडा हलका, कातडं पांढरं, आणि शिवण आपल्यासारखी मधून सरळ पट्ट्यानं जात नाही, नागमोडी फिरते. लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके. बोट शिवणीवर ठेवून मी तो बराच वेळ फिरवत बसलो. मी यष्टिरक्षक होतो. 1981 साली जुन्या फाटक्या ग्लोव्हजमधून चेंडू थेट उजव्या करंगळीवर आला, आणि ती करंगळी आजही बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. लेखणी धरली की कागदाला टेकत नाही. डग अ‍ॅलिसन, तो संगमरवर कापणारा, बॅटरच्या मागं उघड्या हातांनी उभा राहायचा. 1870 साली हात इतके सोलले की त्यानं कातड्याचे मोजे चढवले. त्याच्या बोटांचा विचार माझ्या मनातून जाता जात नाही.

57 मध्ये एक डाग आहे आणि मी तो झाकणार नाही. 26 ऑगस्टला ट्रॉयच्या हेमेकर्स संघाशी सामना होता. 17-17 अशी बरोबरी असताना पंचाच्या एका निर्णयावरून वाद झाला आणि हेमेकर्सचे लोक संघाला मैदानातून बाहेर घेऊन गेले. त्यांच्यावर पैजांचा मोठा पैसा लागला होता. हरले असते तर तो बुडाला असता. अर्धवट सोडला की बरोबरी, आणि बरोबरी झाली की पैसा सुरक्षित. पंचानं सामना सिनसिनाटीला दिला, पण पुष्कळ ठिकाणी त्याची नोंद बरोबरी अशीच आहे.

आणि वर्षाअखेरचा ताळेबंद. जमा 29,726 डॉलर 26 सेंट. खर्च 29,724 डॉलर 87 सेंट. शिल्लक 1 डॉलर 39 सेंट.

हे वाचल्यावर मी उठून पाणी प्यायलो. साऱ्या देशात ज्यांचं नाव झालं, राष्ट्राध्यक्षांनी ज्यांना बोलावून घेतलं, वर्षभरात ज्यांना कुणी हरवलं नाही, त्यांच्या पेटीत शेवटी दीड डॉलरसुद्धा उरला नाही. पण ज्या कुणी ते खातं लिहिलं त्यानं शेवटचा सेंटसुद्धा मांडला होता. असं पान लिहून झाल्यावर माणूस लेखणी खाली ठेवतो तेव्हा त्याच्या बोटांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षीही ते जिंकतच गेले. 14 जून 1870 ला पुन्हा ब्रुकलिन, पुन्हा तेच अटलांटिक्स, कॅपिटोलिन मैदान. तिकीट 50 सेंट, आणि माणसं इतकी की मैदानाच्या कडेपर्यंत आत आलेली. बेसबॉलचे नऊ डाव. नऊ संपले तेव्हा 5-5. अटलांटिक्सना बरोबरी चालणार होती. अजिंक्य संघाशी बरोबरी म्हणजे त्यांना विजयच. ते बॅटी गोळा करायला लागले, प्रेक्षक मैदानात शिरले. लाल मोज्यांवाल्यांनाही त्यात काही तोटा नव्हता. बरोबरी घेतली तर पराभव नाही लागत, 'आजवर एकदाही हरले नाहीत' हे नाव राहतं, आणि त्या नावावरच तर लोक तिकीट काढून येत होते.

इथं मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

1986 चा डिसेंबर. बेळगावातल्या एका मैदानावर लेदर बॉलची स्पर्धा, अंतिम सामना, 25 ओव्हर. समोरच्यांनी 142 केल्या. आम्ही 24 ओव्हरमध्ये नऊ बाद 136. एक ओव्हर राहिली होती, जिंकायला सात. बेळगावात डिसेंबरात सूर्य मावळला की धुकं आणि अंधार एकदमच खाली उतरतात. पंच म्हणाले, दिसत नाही. समोरचा कॅप्टन म्हणाला, आम्हाला बरोबरी चालेल. कमिटीची माणसं टेबलावरून उठून आली आणि म्हणाली, संयुक्त विजेते करू, बक्षीस निम्मं-निम्मं, कप सहा-सहा महिने.

स्ट्राइकवर आमचा अकरावा होता. वडगावातल्या विणकराचा पोरगा, वय सतरा. बॉलिंगसाठी घेतलेला. कुणाचं तरी पॅड त्याच्या मांडीपर्यंत आलेलं. आम्ही सगळे मैदानात बोलत उभे होतो आणि तो क्रीज सोडायला तयार नव्हता. बॅट टेकवून तिथंच उभा. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी सेक्रेटरी आणि पैसे माझ्याकडं.

माझ्या डोक्यात तेव्हा आकडे होते. विजेत्याला 3,000, उपविजेत्याला 1,500, संयुक्त झालं तर 2,250. वर्गणी जमलेली 640. बाहेरून आणलेल्या दोघांना त्याच रात्री 800 द्यायचे कबूल केले होते, त्यांना रात्रीची गाडी गाठायची होती. शिंप्याची बाकी 500. एकूण खर्च 2,878 रुपये 50 पैसे. बरोबरी घेतली तर 11 रुपये 50 पैसे शिल्लक. हरलो तर 738 रुपये 50 पैसे तूट, आणि माझा पगार तेव्हा महिन्याला 650. मी अण्णांना म्हणालो, "घेऊया."

तो पोरगा तेवढं एकच बोलला. "भाऊ, मला दिसतोय की चेंडू."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर आणला. कमिटीच्या कागदावर सही माझी आहे. शिल्लक 11.50, दोन रेघांच्या मध्ये, वहीत आजही आहे. हिशेब बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक पुन्हा उघडलं. हॅरी राइट म्हणाला, बरोबरी नको. क्लबाचा अध्यक्ष एरन चॅम्पियन, तोही म्हणाला खेळायचं. समोरचे ऐकेनात, तेव्हा हेन्री चॅडविक ह्या जाणत्या माणसाला विचारलं. बेसबॉलच्या नियमांवर त्याचा शब्द शेवटचा मानत. त्यानं सांगितलं, दोन्ही कॅप्टन कबूल नसतील तर सामना चालूच राहतो. गर्दी मागं हटवली. दहावा डाव सुरू झाला.

दहाव्यात अटलांटिक्सची माणसं बेसवर होती आणि एक सोपा उंच चेंडू जॉर्ज राइटकडं आला. त्यानं तो मुद्दाम झेलला नाही. जमिनीला लागू दिला, म्हणजे बेसवरच्यांना पुढं पळणं भाग पडलं, मग उचलून फेकला आणि एकाऐवजी दोघे बाद केले. असं डोकं चालणारा माणूस मी तरी मैदानावर बघितला नाही. अकराव्यात सिनसिनाटीनं दोन धावा काढल्या. 7-5. आता फक्त तीन बळी घ्यायचे.

चार्ली स्मिथनं हिट मारला. जो स्टार्टचा फटका उजवीकडच्या गर्दीत शिरला, मॅकव्हेला चेंडू माणसांतून शोधून काढावा लागला, तोवर एक धाव आली. मग त्यांचा कॅप्टन बॉब फर्ग्युसन. हा उजव्या हातानं खेळणारा, पण त्या दिवशी डावखुरा उभा राहिला, चेंडू जॉर्जकडं जाऊ नये म्हणून. हिट मारला, 7-7. फर्ग्युसन बेसवर. पुढचा झेटलाइन. त्यानं मारलेला चेंडू फर्स्ट बेसकडं गेला.

गोल्डकडं. बुट्टीकडं.

त्याच्या हातात तो बसला नाही. सापडल्यावर त्यानं घाईत सेकंड बेसकडं फेकला आणि तो भलतीकडं गेला. फर्ग्युसन धावत सुटला तो थेट होम प्लेटवर, जिथं धाव पुरी होते. 8-7. दीड वर्षाच्या वर चाललेली विजयाची रांग तिथं संपली. दहा जणांतला जो एकटा त्या गावचा होता, त्याच्याच हातून.

चॅम्पियन हॉटेलवर गेला आणि रडला, असं लिहिलंय. नंतर त्यानं गावी तार केली. तिचा मतलब असा, की ह्याहून सुंदर सामना आजवर झाला नाही, आपली पोरं शर्थीनं खेळली पण नशीब फिरलं, हरलो असलो तरी मान खाली घालण्यासारखं काही झालेलं नाही. त्या काळी तार पाठवायची म्हणजे शब्दागणिक पैसे. तरीही अकरा डाव झाले हे त्यानं त्यात आवर्जून घातलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. त्या वर्षी एकूण सहा सामने हरले. हरणारा संघ बघायला लोक कमी यायला लागले, पगार मात्र वाढवून मागितले जात होते. चॅम्पियननं अध्यक्षपद सोडलं, आणि हंगाम संपल्यावर क्लबानं जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी संघ ठेवणार नाही. दोनच वर्षं. आज सिनसिनाटीत जो रेड्स संघ खेळतो तो नंतरचा, दुसरा. हॅरी बोस्टनला गेला, जाताना लाल मोजे आणि नावसुद्धा घेऊन गेला. तो बोस्टनचा संघ गावं बदलत बदलत आज अटलांटा ब्रेव्हज म्हणून खेळतो.

त्यांचं जुनं मैदान, युनियन ग्राउंड्स, आता नाही. त्या भागात युनियन टर्मिनल आहे, 1933 सालचं, अर्ध्या घुमटाचं प्रचंड रेल्वे स्टेशन. आता आत संग्रहालयं आहेत. परतायच्या आधी मी जावयांना तिथं न्यायला लावलं. कारंज्यापुढच्या हिरवळीवर उभा राहिलो. फर्स्ट बेस कुठं असेल ह्याचा अंदाज लागेना. माझ्या करंगळीला हवा लागत होती आणि मी उगाच हात पाठीमागं बांधून उभा होतो, जसा यष्टींमागं दोन ओव्हरच्या मधे उभा राहायचो तसा.

बरोबरी घेतली असती तर गोल्डच्या नावावर ती चूक लागली नसती. हे खरंच आहे. आणि हॅरीलाही ते कळत असणार, कुणाच्या तरी हातून चूक होणारच हे प्रत्येक कॅप्टनला कळतं. तरी त्यानं आपल्या माणसांना मैदानात ठेवलं. मी माझ्या माणसाला बाहेर आणलं. तो आउट झाला असता, शंभरातल्या नव्वद वेळा झाला असता. पण ती ओव्हर त्याची होती. सात धावा, सहा चेंडू आणि हातात बॅट, एवढं त्याचं स्वतःचं होतं आणि ते मी त्या हिशेबात धरलं नाही.

बेळगावला परत आल्यावर दिवाळीआधी मी वडगावला गेलो. तो पोरगा आता पन्नाशीचा, घरामागच्या शेडमध्ये त्याचे चार यंत्रमाग आहेत. अण्णा आता नाहीत. मी गेलो तेव्हा मागांची खडखड चालू होती, बोललेलं ऐकू येईना. त्यानं दोन माग बंद केले, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं. पगार, गाड्या, 57 सामने, 1 डॉलर 39 सेंट. मग ब्रुकलिन. तो सुताचा तुटलेला धागा बोटांनी जोडत ऐकत होता, मान वर न करता. बरोबरीला नाही म्हटलं तिथं त्याचा हात थांबला.

मी म्हणालो, "मी त्या दिवशी चुकलो. तुला खेळवायला पाहिजे होतं."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "भाऊ, तुमचीबी अडचण होती की. खरं मला चेंडू दिसत होता."

"ठाऊक आहे."

मग गोल्डचं सांगितलं. हिशेबनीस होता, गावचा एकटाच होता, हातातून सुटला, फेकला तो भलतीकडं गेला, आणि हरले.

"मग त्याला काढलं असंल."

"नाही. पुढच्या वर्षी हॅरी बोस्टनला गेला तेव्हा दहातल्या चौघांनाच धरून गेला, स्वतःला मोजून. भाऊ जॉर्ज, मॅकव्हे आणि गोल्ड."

"फर्स्ट बेसलाच?"

"फर्स्ट बेसलाच."

"मग बरं झालं," तो म्हणाला. चहाचे कप उचलून कट्ट्यावर ठेवले आणि बंद केलेले दोन्ही माग एकामागोमाग चालू केले.